पाकीटवाले काका

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण म्हणतो, हसतो आणि सोडून देतो. पाकीटवाले काका सोडत नाहीत. जर्मनीहून परभणीला आलेलं एखादं जुनं पाकीट सापडलं की म्हणीला लेखी पुरावा मिळेल, या आशेवर त्यांचं चाललेलं आहे. असा एक काका सेलूत असतो, एक मानवतला, एक जिंतूरला. बहुधा रिटायर्ड मास्तर, नाहीतर तहसिलातले कारकून. खांद्याला शबनम, खिशात भिंग आणि चिमटा. गावात कुणाचा वाडा पाडायला निघाला, की गुत्तेदाराच्या आधी हे हजर.

घरात आल्यावर त्यांची नजर माणसांवर जात नाही, खुंट्यांवर जाते. पूर्वी आलेली कार्डं तारेच्या आकड्यात खुपसून ठेवायची रीत होती. असा आकडा दिसला की काकांचा चेहरा खुलतो आणि पहिलं कार्ड हातात घेतलं की पडतो. “नेमकं शिक्क्यातून भोक! कामून हो? बाजूला एवढी जागा मोकळी होती की!” हा जाब ते यजमानांना विचारतात. तार खुपसणारे आजोबा तसबिरीतून खाली बघत असतात.

त्याहून मोठा राग तिकीट सोडवणाऱ्या पोरांवर. पाकीट भिजवायचं, तिकीट वहीत चिकटवायचं आणि पाकीट चुलीत. “अरे, तिकीट लाखांनी छापतात. पण गंगाखेडहून कधी निघालं, पूर्णेला कधी पोचलं, हे पाकिटावर असतं!” इथं मात्र काकांचं सोळा आणे खरं आहे.

काकांकडे बिस्किटांचे पत्र्याचे डबे आहेत आणि त्यांत जिल्हा भरलेला आहे. परभणी पूर्वी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात, म्हणून निजामाची तिकिटं १८६९ पासूनची. १८७१ पासूनच्या तिकिटांवर तर इंग्रजी, फारसी, तेलुगू आणि मराठी अशा चार लिप्या. हे सांगताना काका चार बोटं नाकासमोर नाचवतात. पण निजामाचं तिकीट चालायचं संस्थानापुरतंच. मुंबईच्या पेढीला सरकीचा भाव कळवायचा तर इंग्रज सरकारचं तिकीट लागे. हिंगोलीच्या छावणीत इंग्रजी टपाल, आजूबाजूला निजामी. १ एप्रिल १९५० ला निजामाचं टपाल भारतीय खात्यात गेलं, आणि काकांच्या मते तेव्हापासून शिक्क्यांतली गंमतही गेली.

पुढं हैदराबाद राज्य, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. परभणीच्या नानलपेठेतल्या माणसानं घर न हलवता एवढी राज्यं बघितली. काकांनी ती सगळी मान्य केली. मान्य नाहीत फक्त दोन गोष्टी. १९८१ साली परतूर जालन्याला गेलं आणि १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी झाली. सरकारनं काय करायचं ते करावं, काकांच्या डब्यात वसमत, कळमनुरी, परतूर अजून ‘जि. परभणी’च आहेत. हिंगोलीचा काका हे डबे मागायला एकदा आला होता म्हणतात. चहा घेऊन परत गेला.

दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सगळा गाव झेंडावंदनाला जातो. काकाही जातात. पण तिथं एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बाजूला घेऊन विचारतात, “त्या दिवशीचा, ४८ सालचा, शिक्का असलेलं काही आहे का हो घरात? शुक्रवार होता.”

खरी अडचण होते ती दुखवट्याच्या कार्डानं. मयताची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून टाकायची पद्धत होती. आणि असं कार्ड वाचलं की लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही. साहजिकच ते सगळ्यात दुर्मिळ. मग एकदा काका एका घरी तेराव्याला गेले, जेवले आणि बुंदीचा शेवटचा घास गिळून हळूच म्हणाले, “तुमच्या आजोबांच्या वेळचं एखादं कोपरा फाटलेलं असेल तर...” पुढचं वाक्य त्यांनी रस्त्यावर उभं राहून पूर्ण केलं.

काकूंचं दुःख वेगळं. लग्नानंतर त्या पहिल्यांदा माहेरी गेल्या, तेव्हा काकांनी चार पानी पत्र लिहिलं होतं. काकूंनी ते लुगड्याच्या घडीत जपलं. काकांना ते सापडलं, त्यांनी पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, कडेला नोंद केली: ‘पुढे परभणी, मागे पोचीचा शिक्का गंगाखेड, स्पष्ट, डाग नाही.’ “अन् आतली पानं?” काकूंनी विचारलं. काका म्हणाले, “त्याच्यानं पाकीट फुगायलं होतं.”

रद्दीवाला आता शहाणा झालाय. पूर्वी किलोवर द्यायचा. आता उर्दू शिक्का दिसला की गठ्ठा मांडीखाली घालतो आणि म्हणतो, “काका, ह्याचा भाव वेगळा.” मोडी लिहिलेलं असेल तर आणखी वेगळा. काकांना मोडी येत नाही, रद्दीवाल्यालाही नाही. एकदा एका मोडी कार्डासाठी अर्धा तास घासाघीस झाली. जाणकारानं वाचून दाखवलं, तेव्हा आतला मजकूर निघाला: बैल विकू नका, मी येतो. काका म्हणाले, “बैलाचं जाऊ द्या, तारीख लागते का बघा.”

लोक हसतात, मीही हसतो. पण आपल्या गावाचं टपाल केव्हा, कुठून, कुणाच्या राज्यातून आलं, हे विचारायला गेलात तर सरकारी कचेरीपेक्षा काकांकडे लवकर सापडेल.

तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडाल तर तिकिटं कापू नका, पाकिटं आहेत तशी ठेवा आणि काकांना दाखवा. मात्र आधी कळवून जा. फोन त्यांना आवडत नाही, कार्ड टाका. अजून पन्नास पैशांना मिळतं. परभणीचा पिनकोड ४३१४०१ लिहायला विसरू नका. काकांनी स्वतः गेल्या कित्येक वर्षांत कुणालाही पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळं उत्तर व्हॉट्सॲपवर येईल: ‘कार्ड पोचले. शिक्का फिका आहे. दुसरे पाठवावे.’