काढून फेका न, भाऊ!

नागपूर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर, मालेगाव आणि शेलूबाजारच्या मधे, किन्हीराजाच्या स्टँडवर कोणी गाडीचं बॉनेट उघडलं की भाऊ आलेच समजा. त्यांना बोलवावं लागत नाही. वाफ दिसली की पुरे. एका हातात अर्धा चहा, दुसरा हात पाठीमागे आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "गाडी गरम होऊन रायली न?"

बॉनेटमधून वाफ निघत असताना गाडी गार पडली असेल अशी शंका कुणालाच नसते. तरी भाऊंच्या तोंडून ते निदान वाटतं. उपचार लगेच मागोमाग येतो: "थर्मोस्टॅट काढून फेका."

भाऊंचं सगळं वैद्यक या 'काढून फेका'वर उभं आहे. पंख्याचा सेन्सर कुरकुरतो? तोडा, वायर डायरेक्ट करा. रेडिएटरचं झाकण? सैल ठेवा, वाफ निघून जाईल. कुलंट? "कशाले? हापशीचं पाणी काय वाईट आहे?" त्या पाण्यातल्या क्षारांचे थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, हे भाऊंच्या हिशेबात नाही. आणि झाकणाने धरलेल्या दाबामुळेच आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, साधारण 120 पर्यंत तग धरतं. ते सैल केलं की उकळी लवकर फुटते. गरम असताना उघडलं तर फवारा थेट तोंडावर येतो, म्हणून त्या क्षणी भाऊ स्वतः मात्र दोन पावलं मागे सरकलेले असतात.

त्यांना अडाणी म्हणणं अन्यायाचं होईल. भाऊंची शाळा अँबेसेडर आणि मॅटाडोरच्या जमान्यातली. तेव्हा पंखा पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू, त्यात बिघडायचं ते काय? थर्मोस्टॅट अडकला आणि नवा मिळायला अकोला गाठायचं असलं, तर विदर्भातल्या मे महिन्यात तो काढून पुढे निघणं हा शहाणपणाच होता. मग डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे पट्टा रेडिएटरच्या पंख्यापर्यंत न्यायची सोय उरली नाही. पंख्याला विजेची मोटर आली. तिच्यामागे फ्यूज, रिले आणि सेन्सर आले. भाऊंनी या बदलाची अजून नोंद घेतलेली नाही.

त्यामुळे होतं काय, की गाडीवाला पहिल्याच वाक्यात रोग सांगून टाकतो आणि भाऊंना तो ऐकूच येत नाही. "चालताना काही नाही हो, उभी ठेवली की काटा चढतो." इथेच अर्धं काम झालं. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार. थर्मोस्टॅट अर्धवट अडकला असता तर ती चढावर, भर वेगातही तापली असती. म्हणजे आधी पंख्याकडे बघायचं. बऱ्याच जुन्या डिझेल जीपांत विजेचा नव्हे, व्हिस्कस कपलिंगचा पंखा असतो. त्याची परीक्षा आणखी सोपी: तापलेलं इंजिन बंद करून पातं हाताने फिरवायचं. जड फिरलं तर ठीक. भिरभिर सुटलं तर आतलं सिलिकॉन तेल गेलं.

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे वळल्या, याचा भाऊंना राग आहे. "तिकडे गाडी तापत नाही म्हणतात," ते सांगतात, जणू सरकारने त्यांचे पेशंट पळवले. तापत नाही हे खरंही आहे. पंखा बंद असला तरी सुसाट वाऱ्यात तो रोग लपून राहतो आणि टोलच्या रांगेत उघडा पडतो.

एका ऋतूत मात्र भाऊंना मानावं लागतं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्त्याकडेला कुटार उडत असतं. ते एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतं आणि पंखा ठणठणीत असूनही हवा आत जात नाही. भाऊ खाली वाकतात, फटीत एक डोळा लावतात, तुराटीच्या टोकाने कुटाराची चिमूट ओढून गाडीवाल्याच्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "काढून फेका." या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर. फक्त पाण्याचा फवारा इंजिनाकडून बाहेरच्या दिशेला आणि हलका मारायचा, नाहीतर जाळीची नाजूक पाती दुमडतात.

एरवी शेवटी गॅरेजातलं पोरगं येतं. ते कुणाशी बोलत नाही. गाडी चालू करून एसी लावतं, पंखा ढिम्म. फ्यूज बघतं, शाबूत. मग हॉर्नचा रिले उपटून पंख्याच्या जागी खोचतं. दोन्ही एकाच जातीचे असले तर ही युक्ती चालते. पंखा घरघरतो, काटा खाली येतो, गाडीवाला सुस्कारा सोडतो.

"म्या म्हणलंच होतं, हवा कमी पडून रायली," भाऊ चहाचा ग्लास विसळत म्हणतात.

"पण आता हॉर्न वाजणार नाही," पोरगं गाडीवाल्याला बजावतं. "मालेगावात नवा रिले टाकून घ्या."

भाऊ बॉनेट धाडकन बंद करतात. "हॉर्न काहून लागते? त्याची वायरबी काढून फेका."