सण कोणत्या वारी?

नव्या वर्षाची सुट्ट्यांची यादी फलकावर लागली की तिच्यापुढे जमणाऱ्या गर्दीला धर्म नसतो. नजर आधी जाते ती वाराच्या रकान्यावर. महावीर जयंती गुरुवारी आली की सारा विभाग मनोमन जैन होतो, कारण शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस अलिबाग. आणि ईद रविवारी निघाली, तर सर्वांत मोठा उसासा हिशेब विभागातल्या सोवळ्या काकांचा. ‘यंदा ईद फुकट गेली हो!’ सर्वधर्मसमभावावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली, पण इतकं कळवळून कुणी बोलल्याचं आठवत नाही.

कायद्यालाही हा विषय टाळता आलेला नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. चार कायद्यानेच नेमल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. म्हणजे सणांच्या निम्म्या सुट्ट्यांत एकही देव नाही. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. हे कलम लिहिणाऱ्याने दहा जणांत मिळून जेवायचं हॉटेल कधी ठरवलेलं नसावं. गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन आणि पाडवा बसले की राहते एक जागा, आणि तिच्यासाठी होळी, दसरा, ईद, बुद्धपौर्णिमा, नाताळ असे सगळे दाराशी उभे. हात वर करून मोजलं की निकाल लागतो, पण ज्याच्या घरचा सण दरवर्षी एका मताने पडतो, त्याला अर्ज लिहूनच तो साजरा करावा लागतो.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांनी यावर नामी तोड काढली आहे. मुख्य सुट्ट्यांखेरीज प्रत्येकाला वर्षात दोन ऐच्छिक सुट्ट्या, बोलीभाषेत ‘आरएच’. छापील यादीतले कोणतेही दोन दिवस निवडा, धर्माचा दाखला लागत नाही. त्यामुळे पारशी नववर्षाला पुतण्याच्या साखरपुड्याला जाता येतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पण या बाबतीत मला सर्वांत आवडतो तो मुंबईचा अलीकडचा किस्सा. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरला आल्या. रस्ते तेच, पोलीस तेच आणि मिरवणुका दोन! मुस्लिम समाजाने आपली मिरवणूक एक दिवस पुढे ढकलली आणि सरकारने 29 तारखेची सुट्टी दिली. 2024 मध्ये विसर्जन 17 सप्टेंबरला, ईद त्याच्या आदल्या दिवशी. मुंबईतली सुट्टी 18 तारखेला गेली. 2025 मध्ये पुन्हा तेच, शुक्रवार 5 सप्टेंबरची सुट्टी सोमवारी 8 तारखेला सरकली. सलग तीन वर्षं हे कसं घडलं, त्याची मेख अधिक मासात आहे. दोन्ही पंचांगांचे बारा चांद्रमास सौर वर्षाला दहा-अकरा दिवस कमी पडतात. हिंदू पंचांग अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ती तूट भरून काढतं, हिजरी ती तशीच राहू देते. तोवर दोन्ही सण हातात हात घालून मागे सरकतात, मग अधिक महिना येऊन त्यांची ताटातूट करतो. मिरवणूक पुढे न्यायला कुणी सहिष्णुतेची कार्यशाळा घेतली नव्हती. तक्रार ऐकू आली ती फक्त शुक्रवारची तिकिटं काढून बसलेल्यांची, आणि त्यांत सगळ्याच धर्मांचे लोक होते.

हल्ली मोठ्या कंपन्यांत मनुष्यबळ विभाग जागरूकतेच्या तारखाही पाळतो. 21 मेला सांस्कृतिक वैविध्य, 16 नोव्हेंबरला सहिष्णुता, 3 डिसेंबरला दिव्यांग दिन. सकाळी ईमेलमधून रंगीत चित्र येतं, दुपारपर्यंत ते पुसलं जातं. कोण कधी काय पाळतो हे माहीत करून देण्याचं काम कालनिर्णय 1973 पासून भिंतीवर लटकून करतंच आहे, वर मागच्या पानावर वाचायलाही देतं. या दिवसांची खरी अडचण अशी की त्यांना सुट्टी नाही, त्यामुळे त्यांचा वारसुद्धा कुणी पाहत नाही. सहिष्णुता दिनाच्या दिवशीही एसी अठरावर हवा की चोविसावर, यावरून दोन टेबलांत अबोला असतोच. ऑफिसातले कडवे पंथ हेच दोन. तिसरा पंखेवाल्यांचा, पण ते अल्पसंख्य.

चित्राऐवजी मला एवढंच हवं असतं की मीटिंगची वेळ लावणाऱ्याने आधी एकदा कालनिर्णय पाहावं. रमजानात संध्याकाळी सहाची मीटिंग दुपारी तीनला घेतली, तर रोजा ठेवणाऱ्याला इफ्तारला घर गाठता येतं. बाकीच्यांना पावणेसहाची लोकल बसायला जागा देऊन नेते. महिनाभर हे चाललं, तर ईदनंतरही वेळ बदलू नका म्हणून पहिला अर्ज हिशेब विभागातल्या काकांचाच असेल.