तिसऱ्या घातास खुले पत्र

मा. तिसरे घात यांस,
मु. पो. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, मोबाइल टॉवर, जि. बुलढाणा



आपल्या कर्तबगारीला तोड नाही. ट्रान्झिस्टरकडे आमचं मागणं साधं असतं: आत गेलं तेच मोठं होऊन बाहेर यावं. पण तो पुरता सरळ वागत नाही, आणि त्याच्या वाकडेपणाच्या गणितातलं तिसऱ्या घाताचं पद म्हणजे आपण. आम्ही १८४० आणि १८५० मेगाहर्ट्झच्या दोनच लहरी आत सोडतो. बाहेर पाहावं, तर १८३० आणि १८६० वर आपण बिनबोलावता ठाण मांडलेलं! जरा लांब बसला असतात, तर फिल्टरनं गाळून टाकलं असतं. पण नाही, आपल्याला शेजारचाच चॅनेल लागतो, तोही दुसऱ्याच्या पैशाचा. शेजारी सांडलेली शक्ती ४५ डेसिबल खाली, म्हणजे सुमारे तीस हजारावा भाग असावी, असा बेस स्टेशनचा नियम आहे. तो आपल्या कानावर आला नसेलच.

घाटाखालच्या गावाला एक काडी रेंज जास्त मिळावी म्हणून शक्ती एक डेसिबलनं वाढवली, की आपण तीननं फुगता. उतरवली, की तीननं बसता. त्यामुळे भित्रे लोक शक्ती उतरवूनच ठेवतात. फोर-जीच्या सिग्नलची उसळी सरासरीच्या दहापटीपर्यंत जाते. तिच्यासाठी जागा राखायची म्हणजे ट्रान्झिस्टर एरवी अर्धपोटी, आणि बरीचशी वीज नुसती उष्णता होऊन उडते. लाइट गेली की जनरेटरमध्ये ओतायचं डिझेल कुणाच्या खिशातून जातं, हे आपण कशाला विचाराल?

आपला बंदोबस्त करायला थोरामोठ्यांनी हात घातला. बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना फेरीबोटीत ऋण फीडबॅक (बाहेर आलेल्याचा अंश उलटा करून पुन्हा आत देणं) सुचला; त्यांनी तो हातातल्या वर्तमानपत्रावरच मांडला. टेलिफोनच्या तारांवर आपली बोलती बंद झाली. मायक्रोवेव्हवर मात्र दुरुस्ती फिरून येईपर्यंत लहर केव्हाच पुढे निघून जाते, तेव्हा तिथे आपलंच राज्य. ब्लॅक यांचीच आधीची युक्ती, फीडफॉरवर्ड, तिथे चालते. पण चूक वेगळी काढून वजा करायला दुसरा अ‍ॅम्प्लिफायर पोसावा लागतो.

म्हणून आता प्रीडिस्टॉर्शन. सोयरे तासभर उशिरा येणार हे ठाऊक असलेला वधुपिता पत्रिकेत मुहूर्तच तासभर आधीचा छापतो ना, तसं. ट्रान्झिस्टर कुठे दबणार हे मोजून सिग्नल आधीच उलटा वाकवून पाठवायचा. यावर आपलं उत्तर तयार: स्मरणशक्ती! मघाच्या उसळीनं तापलेला ट्रान्झिस्टर आत्ताच्या उसळीला निराळा वागतो. मलकापूर-शेगावकडचा मे महिना तर विचारूच नका. घाटावर सकाळी बसवलेलं गणित घाटाखाली दुपारी जसंच्या तसं चालत नाही, ते सतत नव्यानं मांडावं लागतं.

आपल्याला घरात घेणारे आमच्यातलेच आहेत, हेही सांगतो. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर १८३० चा सुळका उंच आणि १८६० चा बुटका दिसला, की मी आधी सॉफ्टवेअर उघडत नाही, ट्रान्झिस्टरला वीज पुरवणारी बायसची लाइन बघतो. दोन लहरींतला १० मेगाहर्ट्झचा फरक तिथे पोचतो. तिथला कपॅसिटर त्याला पुरा पडत नसला तर ड्रेनचं व्होल्टेज हलतं आणि ते हलणं पुन्हा सिग्नलमध्ये मिसळतं. कपॅसिटरवर चार पैसे वाचवायचे आणि मग महागडी चिप घेऊन आपल्या मागे धावायचं, याला आमच्याकडे शहाणपण म्हणतात.

आपले धाकटे बंधू पाचवे घात १८२० आणि १८७० वर बिऱ्हाड थाटून आहेत. मोजणीत त्यांचंही नाव घेतलं आहे, तेवढा निरोप द्यावा.

आपला,
एक आरएफवाला, बुलढाणा