पंचानं तोंड कधी उघडावं? नवशिक्यांसाठी धडे

अभिनंदन! डोक्यावर पांढरी टोपी आली, खिशात चेंडू मोजायचे सहा खडे आले, आणि रविवारी सकाळी तुम्ही नाशिकच्या ईदगाह मैदानावर उभे आहात. शेजारच्या सामन्यातला फिल्डर तुमच्या स्क्वेअर लेगला येऊन उभा राहिला तर त्याला हाकलू नका. त्याचीही तीच जागा आहे.

पहिली परीक्षा गोलंदाजाच्या पायांची. चेंडू टाकून झाला की गडी खेळपट्टीच्या मधूनच धावतोय. पॉपिंग क्रीजपुढे पाच फुटांपासून, मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना एकेक फूट, एवढा पट्टा जपायचा असतो. मग बोलायचं कुणाशी? ‘खेळाडूच्या तोंडी लागू नये, कॅप्टनला सांगावं,’ असा सल्ला एखादे जुने पंच देतील. आदरानं मान डोलवा आणि विसरून जा. 41 व्या कायद्याप्रमाणे पहिली ताकीद थेट गोलंदाजालाच द्यायची. मग ती दुसऱ्या पंचाला, त्याच्या कॅप्टनला आणि फलंदाजांना कळवायची. दुसऱ्यांदा अखेरची ताकीद. तिसऱ्यांदा त्या डावापुरती गोलंदाजी बंद. गोलंदाजाच्या टी-शर्टवर ज्या भाऊंचा फोटो आहे, संध्याकाळी चषक तेच देणार आहेत, हे इथे आठवेल. आठवू द्या.

खरा पेच पुढचा आहे. पाय क्रीजवर जेमतेम टेकतोय. तुम्ही प्रेमानं म्हणता, ‘दादा, पाय सांभाळ.’ लगेच फलंदाजांचा कॅप्टन येतो, ‘अंपायर, तुम्ही त्यांचे कोच का?’ त्याचं बरोबर आहे. तुम्ही त्याचा हक्काचा नो-बॉल घालवलात. माझं मत विचाराल तर नो-बॉलची भरपाई जागच्या जागी होते, तिथे गप्प राहा. उखडलेली खेळपट्टी मात्र परत मिळत नाही, तिथे लगेच बोला. गोलंदाजानं स्वतःहून विचारलं, तर खुशाल सांगा, पण मग समोरच्या संघालाही तेच सांगा.

आवाज सांभाळा. 1987 मध्ये फैसलाबादला इंग्लंडचा कॅप्टन माइक गॅटिंग फिल्डर हलवत होता. फलंदाजाच्या पाठीमागे हे चाललंय, असं म्हणत पंच शकूर राणा यांनी खेळ थांबवला. बोटं नाचवत दोघं असे भांडले की कसोटीचा पुढचा अख्खा दिवस वाया गेला आणि गॅटिंगला माफीची चिठ्ठी लिहावी लागली. म्हणजे कॅप्टनशी बोललं की निभावतं, हेही खरं नाही.

आणि खेळाडू उलट बोलला तर? वाद घालू नका, अहवाल लिहा. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्व्हिसेसविरुद्ध झेलबाद दिल्यावर महाराष्ट्राचा कर्णधार अंकित बावणे मैदान सोडेना. झेल खरा होता का, यावर पुष्कळ चर्चा झाली. शिक्षा मात्र झालीच: एका सामन्याची बंदी. जानेवारी 2025 मध्ये बडोद्याविरुद्धचा रणजी सामना नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर झाला, तेव्हा बावणे संघाबाहेर होता.