एक जानेवारीचं पंचांग

मुंबईत झोपडीवाला कधी जन्मला, याच्याशी सरकारला कर्तव्य नसतं. झोपडी कधी जन्मली ते सांगा! सुलक्षणी झोपड्या एक जानेवारीच्या आत जन्मतात. पुनर्वसनाला पात्र ठरवणारा मुहूर्त पूर्वी १ जानेवारी १९९५ होता, मग २००० झाला, मग २०११ आला. १९९५ साली चाळीस लाख लोकांना फुकट घरांचं आश्वासन मिळालं, तेव्हापासून घरांपेक्षा मुहूर्तच जास्त झपाट्याने पुढे सरकले. त्यांचा निवडणुकांशी संबंध जोडणारे लोक नास्तिक असावेत.

धारावीच्या पुनर्विकासात हे पंचांग आता फारच बारकाईने मांडलंय. १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर असाल, तर धारावीतच साडेतीनशे चौरस फूट, फुकट. २००० ते २०११ च्या मधले असाल, तर धारावीबाहेर तीनशे फूट, अडीच लाख मोजून. त्याही नंतर, १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंत आला असाल, तर बाहेरच आणि भाड्याने. पुढेमागे ऐपत झालीच तर विकत घ्या. आणि माळ्यावर राहणारा? तो केव्हाही आलेला असो, वरचा तो बाहेरचा. दोघे भाऊ एकाच घरात वाढले. धाकट्याचं लग्न ठरलं म्हणून बापाने पत्र्याचा माळा चढवला, बाहेरून लोखंडी शिडी लावली. आता थोरला खाली राहिला म्हणून धारावीकर, आणि धाकटा त्या शिडीने वर चढला तो थेट मुलुंडला उतरणार. आई कुणाकडे जेवते, याचा रकाना सर्वेक्षणाच्या फॉर्मात बहुधा नसावा.

बरं, तळमजला असून भागत नाही, पुरावा लागतो. जुनं लाइटबिल, रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव. २६ जुलै २००५ ला मिठी नदी घराघरांत शिरली आणि पेट्या-ट्रंका भिजवून गेली. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीत, नाव यायचं तर कागद कोरडे लागतात, हे नदीला कुणी कळवलं नव्हतं.

तशी घाई कुणालाच नव्हती म्हणा. पुनर्विकासाची घोषणा २००४ ची. पाच हजार एकोणसत्तर कोटींची बोली लावून अदानी समूहाने २०२२ मध्ये काम मिळवलं. मधल्या काळात एक अख्खी पिढी सज्ञान होऊन पोटमाळ्यावर गेली, म्हणजे बाद झाली.

धारावीतल्या कुंभारवाड्याची तर मौजच आहे. चाक, भट्टी, ओल्या मडक्यांच्या रांगा, सगळं दाराबाहेर. मडकं उन्हात वाळतं आणि ऊन अंगणात पडतं. टॉवरला अंगण नसतं, पोडियम गार्डन असतं, आणि तिथे पाटी असते, ‘हिरवळीवर बसू नये’. माणसांनाच मनाई, तिथे मडक्यांचं काय! साडेतीनशे फुटांत स्वयंपाकघर, संडास-बाथरूम सगळं नीट बसतं. धंदा तेवढा बसत नाही. पण हिशेब घराचा मांडलाय. त्या घरात दिवसभर लोक काय करत होते, हे कुणाच्याच डोक्यात आलं नसावं.

ज्यांना बाहेर जायचंय, त्यांच्यासाठी सरकारने देवनारला सव्वाशे एकराच्या आसपास जमीन काढलीय. १९२७ पासून मुंबई आपला कचरा जिथे टाकते, तेच देवनार. धारावीच्या तेरा कंपाउंडात या शहराचं प्लास्टिक निवडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांची सोय कच्च्या मालाशेजारीच झाली म्हणायची. उगाच म्हणतात, सरकारला कल्पकता नाही.

उजेडाची तक्रार मात्र आधीच करून ठेवावी. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडात पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लागते, आणि त्या वसाहतीतला क्षयरोग अभ्यासाचा विषय झालाय. झोपडीत निदान पत्र्याला भोक पाडता यायचं.

आमची सूचना एवढीच, की इतकं शास्त्रशुद्ध पंचांग एकट्या धारावीपुरतं कशाला? मलबार हिलच्या टॉवरांनाही लावा. १ जानेवारी २००० पूर्वीचं लाइटबिल दाखवा आणि तळमजल्यावर कोण राहतं ते मोजा. तिथे तळमजल्याला पार्किंग असतं, त्यामुळे पात्र ठरतील त्या जुन्या गाड्या. मालक मंडळींनी धारावीकरांसाठी काढलेली कांजूरमार्गची मिठागरं एकदा पाहून यावीत. वारा चांगला असतो.