ब्रेक फेल, चौकशी बंद

पुण्याच्या नवले पुलाजवळ 13 नोव्हेंबर 2025 ला एका भरधाव कंटेनरने पुढच्या गाड्या चिरडल्या, आग लागली, 8 माणसं गेली. त्याच पट्ट्यात 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना ठोकरलं होतं. असं काही घडलं की पहिल्या तासातच कारण तयार असतं: ब्रेक फेल. हे दोन शब्द उच्चारले की ट्रकचा मालक सुटतो, माल लादणारा सुटतो, सरकारही सुटतं.

2022 च्या अपघातात पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर वेगळंच सांगितलं. उतारावर चालकाने इंजिनच बंद केलं होतं.

कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की पुलापर्यंत रस्ता उतरतच जातो. इथे इंजिन बंद केलं तर ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, दर दाबणीला टाकीतली हवा घटते, स्टिअरिंग जड होतं. नुसतं न्यूट्रल टाकलं तरी गिअरची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. ड्रम तापतात, मग कितीही दाबा, ब्रेक धरत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने चालक नव्या पोराला पहिल्या घाटातच शिकवतात.

मग इंजिन बंद किंवा न्यूट्रल का? डिझेलसाठी. अनेक मालक ट्रिपला ठरावीक डिझेल देतात. वाचलं तर चालकाचं, कमी पडलं तर त्याच्याच पगारातून. आणि हा जीवघेणा हिशेबही चुकीचा आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर डिझेल जवळजवळ जातच नाही. हे चालकाला बसवून समजावणं मालकाला एका दुपारचं काम आहे.

चालकाच्या झोपेवरही अशीच बचत होते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे 8 तास ठरवले, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. मोटार वाहन कायद्याचं कलम 91 हेच तास मालवाहू चालकांना लावत आलं. रात्री अडवलेल्या ट्रकला पावती वजनाची मिळते, कागदांची मिळते. किती तास चालवतोयस, हे कोण विचारतं? उलट राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक हवेत, ही अट केंद्राने 2018 मध्ये काढूनच टाकली. दुसऱ्या माणसाचा पगार वाचला. पहाटे तीनला स्टिअरिंगवर एकटाच उरला, डोळे ताणत.

जादा मालासाठी दंड आहे 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. लादणारा तो भाड्यात धरूनच चालतो. त्या वजनाला थांबवायची पाळी मात्र चालकाच्या एका पायावर येते.

चालकावर गुन्हा जरूर नोंदवा, त्याची चूक असेल तर. पण त्याच दिवशी मालकाच्या दारात जा. लायनर शेवटचे कधी बदलले, डिझेल कोणत्या बोलीवर दिलं, वजनकाट्याची पावती कुठे आहे, हे विचारा. आणि मालकाचा मोबाइल ताब्यात घ्या. गाडी आत्ता कुठे आहे हे बघायला अनेक मालकांनी जीपीएस बसवलेलं असतं. ती शेवटची कधी थांबली होती, हेही त्यातच आहे.