गोधडीकाकूंची गाडी

उमरेड म्हटलं की बाहेरच्यांना दोन गोष्टी आठवतात: कोळशाची खाण आणि कऱ्हांडल्याचा वाघ. तिसरीकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. ती म्हणजे गोधडीकाकू. वय पंचावन्नच्या पुढे, मुलं पुण्यात किंवा त्याहूनही लांब, गुडघे कुरकुरणारे, पण ते फक्त घरी. कापडाच्या दुकानाची पायरी दिसली की गुडघे गप्प. काकू एकट्या कधी नसतात. सोबत खाणीच्या कॉलनीतल्या वहिनी असतात, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई असतात आणि एक मैत्रीण असते जिला साधी गुंडीही लावता येत नाही. पण तिच्या यजमानांची सात सीटची गाडी आहे. मंडळात सर्वांत जास्त मान तिलाच.

गोधडी ही मुळात काही विकत न घेण्याची कला. आजीचं लुगडं विरलं, आजोबांचं धोतर फाटलं, की ते धुवायचं, थरावर थर अंथरायचे, धावदोरा घालायचा आणि पुन्हा अंगावर घ्यायचं. घरात बाळ आलं की त्यातल्याच मऊ कापडाचं दुपटं. काकूंनी या शास्त्रात एक दुरुस्ती केली. आधी नवं कापड आणायचं, मग त्याचे तुकडे करायचे, मग ते तुकडे जोडून पुन्हा कापड करायचं. काकांनी एकदा विचारलं होतं, "अवो, ते आधी जोडलेलंच होतं ना?" त्या दिवशी काकांना जेवण उशिरा मिळालं.

फेरीचा रस्ता ठरलेला. उमरेडहून भिवापूर, पवनी, भंडारा, मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव आणि परतताना नागपूर. गाडी सहाला निघायचं ठरतं आणि आठला निघते. या वाटेने जाणारे इतर लोक खिडकीतून वाघ शोधतात; काकू कुंपणावर वाळत घातलेल्या वाकळी शोधतात. कऱ्हांडल्याच्या अभयारण्यातला 'जय' नावाचा वाघ २०१६ पासून कुणाला दिसलेला नाही, पण तो समोर आलाच तर आमच्या काकू आधी त्याच्या पट्ट्यांचा काठ कसा दिसेल ते पाहतील आणि मग काच वर करतील.

पवनी हे वैनगंगेकाठचं दोन हजार वर्षांहून जुनं गाव. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. निवृत्त बाई हे सगळं गाडीत सांगतात. काकू ऐकतात आणि म्हणतात, "छानच आहे बाई. पण त्यातलं घरी काय नेता येते?" न्यायला काही नसल्यामुळे गाडी पुढे जाते आणि मोडीच्या दुकानासमोर थांबते ती दोन तास.

इथे काकूंचं खरं रूप दिसतं. पायलीची मापं, अडकित्ते, पानदान, बुडाला काळवंडलेलं घंगाळ असं सगळं उलथंपालथं होतं. दुकानदार एक पितळी गडवा पुढे करतो. "घ्या ना जी माय, भोसल्यांच्या काळचा आहे." काकू गडवा उन्हात धरतात. पोटावर कोरलेलं असतं: चि. सौ. कां. अमकी हिच्या लग्नात मामांकडून, १९८४. क्षणभर शांतता. मग बाईच तोडगा काढतात, "मामांचं आडनाव भोसले असेल." गडवा गाडीत.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याने वस्तू शंभर वर्षांची झाल्याशिवाय पुरावशेष होत नाही; हस्तलिखिताला तेवढी सूट आहे, त्याला पंचाहत्तर पुरतात. हे मी काकूंना सांगितलं. त्यांनी मला कायद्याने बोलायला कुणी बोलावलं, असं विचारलं.

आता थोडं जुनं उकरतो, कारण ते सांगितल्याशिवाय काकू कळत नाहीत. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंच्या घरात पाण्याचा तांब्याचा बंब होता, दोन पितळी गुंड होते. नव्या सूनबाईंनी ते मोडीत घातले आणि स्टीलचे डबे आणले. सासूबाईंची नऊवारी बोहारणीला गेली. बदल्यात पातेलं आलं, तेही झाकणाशिवाय. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आता तोच बंब आणि तीच नऊवारी शोधत काकू दोन जिल्हे पालथे घालतात, आणि मोडीच्या भावाच्या कितीतरी पट मोजून म्हणतात, "आजकाल अशा वस्तूंची कदरच नाही लोकांना."

कापडाच्या बाबतीत मात्र त्यांना कुणी फसवू शकत नाही. पर्समध्ये काडेपेटी असते. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला की काकू कडेचा एक धागा ओढतात आणि गल्ल्यासमोरच पेटवतात. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ पडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमाला जळक्या केसांचा वास. परीक्षा शास्त्रशुद्ध आहे, पण भरल्या दुकानात काडी ओढलेली पाहून पोऱ्या पाण्याची बादली घेऊन धावतो.

आंधळगावचा कोसा या परीक्षेत पास होतो. पंचाईत होते पुढे. करवती साडीच्या काठाचे ते दाते तीन धोट्यांनी, धाग्यात धागा अडकवून विणावे लागतात. विणकराने साडी उलगडली की सगळ्यांचे श्वास थांबतात. मग काकू हाताने वीत मोजत विचारतात, "नुसता काठ कापून मिळेल का?" विणकर आधी काकूंकडे पाहतो, मग साडीची घडी घालतो. "काकू, हे नेसाले असते. कापाले नाही जी." गंमत अशी की रेशीमकाठी धोतरांसाठी एकेकाळी उमरेडच्या कोष्ट्यांचं नाव होतं, इंग्रजांच्या गॅझेटिअरात तशी नोंद आहे. त्या गावच्या बायका हातात कात्री घेऊन आंधळगावला उभ्या.

नागपूर येईस्तोवर दिवस कलतो. गांधीबाग, इतवारी, नंगा पुतळा. नावाला न जुमानता त्या चौकात अंगभर कपड्यांशिवाय दुसरं काही मिळत नाही. एखादा चतुर दुकानदार जाडसर तागा काढून "एम्प्रेस मिलचा जुना माल" म्हणतो. जमशेटजी टाटांची ती गिरणी १८७७ ला सुरू झाली, २००२ ला बंद पडली. तिचं कापड मात्र काकूंना दर फेरीत सापडतं. इथे काडेपेटी निघत नाही. आठवणीचा धागा जाळून बघत नाहीत.

रात्री घरी उतरताना शिस्त पाहावी. पितळ उघड आत जातं, कारण ते "गुंतवणूक" असतं. कापड मात्र मेथीच्या जुडीखाली लपून येतं आणि थेट दिवाणात शिरतं. दिवाणाचं झाकण आता बसत नाही. त्यावर काका झोपतात तेव्हा बसतं. तयार गोधड्या किती, हा प्रश्न मंडळात विचारत नाहीत. एक दुपटं नातवासाठी सुरू आहे. नातू यंदा दहावीला बसतोय.

थंडी पडली की गाडी पुन्हा निघेल. उमरेड-भिवापूर-पवनी रस्त्याला तुमचं घर असेल तर दोरीवरची वाकळ आत घ्या, आईच्या नावाचा गडवा मागच्या खोलीत ठेवा, आणि काकूंनी नुसतं पाणी मागितलं तरी ते स्टीलच्या ग्लासातच द्या.